चार पाय खुर्चीचे, चार पाय मोतीचे

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. मुलाचे लग्न मार्गशीर्षात आहे. घराला रंग झाला, पडदे झाले, आता बाहेरच्या खोलीत नवा सोफा यायचा आहे. जुना सोफा आठ वर्षांच्या वापराने आणि घरातल्या कुत्र्याच्या नखांनी पार कामातून गेला. यजमानांनी निकाल देऊन टाकला, "नवा सोफा घरात येईल त्या दिवशी मोती कर्जतला माझ्या मित्राच्या शेतावर जाईल." मुलगा गप्प आहे, होणाऱ्या सुनेला अजून बोलण्याचा अधिकार नाही, आणि सासूबाईंचे दोन दिवस जेवणात लक्ष नाही. बाई शेवटी लिहितात, "तुम्ही घरातल्या वस्तूंविषयी नेहमी लिहिता. कुत्रा असलेल्या घरात टिकेल असा सोफा असतो का, एवढेच सांगा. असतो म्हणालात तर तुमचे सदर यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवीन."

असतो हो, नक्की असतो! आणि दिवाळी अंकात संपादकांनी या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा सोफ्याबरोबर पलंग, गॅलरीतल्या खुर्च्या आणि अंगणातला बाकसुद्धा आज विचारात घेऊ.

पण आधी मोतीचे. आठ वर्षांचा कुत्रा म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नाशीला आलेला गृहस्थ. जन्मभर पंख्याखाली झोपलेल्या आणि आजीच्या हातची पोळी खाल्लेल्या जिवाला या वयात शेतावर नेऊन सोडले तर तिथली कुत्री त्याला जागा देत नाहीत. मित्राचे शेत म्हणजे टाकून देणे नव्हे, हे मला मान्य. पण उद्या रखवालदार बदलला, परवा शेत विकले गेले, मग त्याला घालणार कोण? पाळलेल्या जनावरावर उपाशीतापाशी राहायची वेळ येईल अशा तऱ्हेने त्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचे राहू द्या. सासूबाई जेवत नाहीत, तेवढे कारण पुरे आहे.

आता यजमानांचीही बाजू पाहू. घाम गाळून मिळवलेला पैसा दोन वर्षांत फाटून लोंबू लागला तर कुणाचा जीव तुटणार नाही? त्यांचा राग रास्त आहे, फक्त तो चुकीच्या आरोपीवर निघतो आहे. बाजारातले पुष्कळसे फर्निचर लहान मूल, म्हातारे माणूस, पावसाळा आणि जनावर यांपैकी कुणीच घरात नाही असे धरून केलेले असते. ते दुकानात शोभते. घरात आले की पहिल्या पावसात फुगते आणि पहिल्या नखाला उसवते.

आपल्या जुन्या घरांतले सामान आठवून पाहा. ओसरीवर सागवानी बाक, माजघरात झोपाळा, झोपायला नवारीची बाज, बसायला गादी, लोड, तक्के आणि सतरंजी. त्या घरांत मांजर तर असायचेच, दाराशी कुत्रा असायचा, गोठ्यातले वासरू मधूनच पडवीत डोकावायचे. तरी सामानावरून कुणी जनावर हाकलले नाही. कारण सरळ आहे. गादीची खोळ निघायची, नवार सुटी करून धुता यायची, बाकाला रंधा मारला की तो पुन्हा नवा व्हायचा. जे उघडते, धुता येते आणि दुरुस्त होते, तेच जनावरांच्या घरात टिकते. माझ्या सगळ्या सांगण्याचे सार एवढेच आहे. पुढचे सारे त्याचा विस्तार.

खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या घरातला चतुष्पाद असे का करतो, ते समजून घ्यावे. मांजर सोफा ओरबाडते ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे. तिच्या नखांवर जुने कवच येते, ते तिला काढून टाकायचे असते. पाठीला ताण द्यायचा असतो. शिवाय तिच्या पंजांत वासाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे ओरखड्याबरोबर 'ही जागा माझी' अशी सहीही होते. ती झोपेतून उठल्याबरोबर हे करते, म्हणून झोपायच्या जागेशेजारची वस्तू आधी बळी पडते. कुत्र्याच्या पिल्लाचे निराळे. त्याला २८ दुधाचे दात असतात. साधारण तिसऱ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत ते पडून ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात तेव्हा त्याला टेबलाचा पाय आणि हाडूक सारखेच. या चार महिन्यांत नवे फर्निचर घेऊच नये. जुने वापरावे, पिल्लाला चावायला त्याची वस्तू द्यावी आणि दात येईपर्यंत थांबावे. लग्नाचे मुहूर्त आपण पाहतो, तसा हा दातांचा मुहूर्त!

परदेशी काही ठिकाणी मांजराची नखे कायमची काढून टाकत. त्यात नुसते नख जात नाही, बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायद्याने हे बंद केले. आपल्याकडे कुणी असले काही सुचवले तर त्याला घरातून चहा न देता निरोप द्यावा.

आता सोफा. तीन गोष्टी पाहाव्यात : सांगाडा, गादी आणि कापड.

सांगाडा सागाचा असेल तर उत्तम. सागाच्या गाभ्याच्या लाकडात अंगचेच तेल असते, म्हणून त्याला पाणी आणि वाळवी सहसा बाधत नाही. पण गाभ्याबाहेरचे फिके, पांढुरके लाकूड वाळवी आवडीने खाते. तेव्हा 'साग आहे, साग' एवढ्यावर समाधान मानू नये. पॉलिश चढण्यापूर्वी लाकूड उघडे पाहावे. साग परवडत नसेल तर चांगले प्लायवुड चालेल. त्यावर भारतीय मानकाचा शिक्का असतो. सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडला ३०३ आणि पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडला ७१० हा क्रमांक असतो. ज्या घरात जनावर आहे तिथे जमिनीलगतच्या फळ्यांना ७१० घ्यावे, कारण कधी पाण्याचे भांडे लवंडते आणि कधी, स्पष्टच सांगायचे तर, पाणी नसलेले पाणी सांडते. भुश्शापासून दाबून केलेल्या स्वस्त फळ्या मात्र एकदा ओल्या झाल्या की पावासारख्या फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत.

गादी सुटी असावी आणि खोळीला चेन असावी. आत फोम असला तर फोम आणि खोळ यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या कापडाचे अस्तर शिवून घ्यावे. शिंप्याचे अर्ध्या दिवसाचे काम, पण गादीचे आयुष्य दुप्पट. गादी दोन्ही बाजूंनी वापरता येणारी असली तर उलटून घालता येते.

कापडाची निवड हाताने करावी, डोळ्याने नव्हे. ज्या कापडात गाठी किंवा फासे वर आलेले दिसतात ते नको. नख फाशात अडकते, जनावर घाबरून पाय ओढते आणि धागा लांबच लांब निघतो. घट्ट आणि सपाट विणीचे जाड कापड घ्यावे. कॅनव्हास चालते. आखूड लवीचे, मखमलीसारखे घट्ट कापडही चालते, कारण त्यात नख रुतायला फट नसते आणि केस ओल्या हाताने पुसून निघतात. रेक्झिन टाळावे. पुसायला सोपे खरे, पण एकदा चीर पडली की ती वाढतच जाते. कातड्यावर ओरखडे उठतात आणि आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते.

मी दुकानात गेले की पर्समधून केसातली पिन काढते आणि नमुन्याच्या तुकड्यावरून हलकेच ओढून पाहते. मग त्यावर चमचाभर पाणी टाकते. पिनेने धागा निघाला किंवा पाणी तत्काळ आत गेले की तो तुकडा बाजूला. एकदा एका विक्रेत्याने विचारले, "बाई, तुम्ही कापड घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?" मी म्हटले, "परीक्षा आमची मनी घेणार आहे. मी नुसता सराव करून घेते!" तो हसला आणि त्याने तुकडा घरी न्यायला दिला. तसा तुकडा मागून आणावा. दोन दिवस जनावराच्या बसायच्या जागी पसरून ठेवावा. त्याचे मत आयते कळते.

रंगाचे एक गुपित सांगते. साडीला जुळता ब्लाउज पाहतो, तसा जनावराच्या केसांना जुळता सोफा पाहावा. पिवळसर कुत्र्याच्या घरी गडद निळा सोफा म्हणजे रोज सकाळी झाडूशी युद्ध. त्याच घरी मातकट किंवा मोहरी रंग घेतला तर पाहुणा येईपर्यंत निभावते. त्यावर एखादी सोलापुरी चादर टाकावी. ती जाड असते, घट्ट असते आणि आठवड्याला निमूटपणे धुऊन घेते. पाहुणे आले की काढली, गेले की घातली.

सोफ्याच्या पायांकडेही लक्ष द्यावे. एक तर सोफा जमिनीला पुरता टेकलेला असावा, नाही तर सहा-सात इंच उंच असावा, म्हणजे केरसुणी आत जाते. दोन इंचांची फट सर्वांत वाईट. तिच्यात चेंडू, केस आणि हाडके जातात, मागे पंजा जातो, आणि खालचे कापड फाटते. मोतीसारख्या वयस्क कुत्र्याला सोफ्यावर उडी मारताना सांधे दुखतात, तेव्हा तो नखांनी कापड धरून वर चढतो. सोफ्यापुढे एखादा बुटका, पक्का चौरंग ठेवावा. पायरी झाली, कापडही वाचले. हल्लीच्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या वाटेवर खाली रबर लावलेली सतरंजी घालावी. सासूबाईंनाही तिचा उपयोग होईल.

मांजर असेल तर सोफ्याबरोबर तिचाही खांब हवा. हा विकत आणायची गरज नाही. तीन फूट उंचीचा, चार इंच जाडीचा लाकडी खांब घ्यावा. तो दोन फूट लांबीरुंदीच्या जड फळीवर पक्का ठोकून घ्यावा. वरपासून खालपर्यंत घायपाताची किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी. उंची अशासाठी की मांजराला पूर्ण ताणून उभे राहता आले पाहिजे. फळी जड अशासाठी की खांब एकदा जरी डगमगला तर ती पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. आणि हा खांब कोपऱ्यात दडवू नये. सोफ्याच्या शेजारी, तिच्या झोपायच्या जागेजवळच ठेवावा. आमच्या घरी हा खांब बाहेरच्या खोलीत उभा आहे. पाहुणे विचारतात, "हे काय?" आम्ही सांगतो, "हे मनीचे फर्निचर. बाकीचे आमचे."

आता गॅलरी आणि अंगण. इथे जनावराच्या जोडीला ऊन आणि पाऊस हे आणखी दोन परीक्षक असतात. मुंबईत सालाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. वेताच्या खुर्च्या गॅलरीत फार शोभतात, पण वेत सतत ओला राहिला की काळा पडतो, आणि विणलेला वेत म्हणजे मांजराला आमंत्रणपत्रिका. वेताची हौस असेल तर खुर्ची आतल्या खोलीत ठेवावी. हल्ली वेतासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे विणकाम मिळते. ते पावसात टिकते, पण पिल्लू असलेल्या घरी नको. चघळून तोडलेली पट्टी पोटात गेली तर आतड्यात अडकून जिवावर बेतते. ॲल्युमिनियम गंजत नाही आणि हलके असते. लोखंड घेतले तर जस्ताचा थर दिलेले घ्यावे आणि रंगाचा पोपडा निघालेला दिसताच बुजवावा. अंगण असेल तर सिमेंटच्या किंवा दगडी बाकासारखे दुसरे काही नाही. नख लागत नाही, दात लागत नाही, पाणी ओतले की धुऊन निघाला. काळा कडप्पा मात्र उन्हात तापतो, तेव्हा तो सावलीला असावा.

गॅलरीतले फर्निचर कुठे ठेवायचे, हा प्रश्न ते कशाचे करायचे याहून मोठा आहे. लहान मूल असलेल्या घरी आपण कठड्याशी स्टूल ठेवत नाही. तोच नियम जनावराला. मांजर पाच-सहा फूट सहज उडी मारते, आणि कबुतर दिसले की तिला मजल्यांचे भान राहत नाही. न्यूयॉर्कच्या एका पशुचिकित्सालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आली होती. त्यांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचाराने बहुतेक वाचली, पण छाती, जबडा, पाय यांना इजा झालेली कितीतरी होती. मांजर नेहमी पायांवर पडते म्हणून तिला काही होत नाही, या समजुतीवर विसंबू नये. आधी जाळी, मग खुर्ची, असा क्रम ठेवावा.

खुर्च्यांशेजारी कुंड्या येतातच. कण्हेर दिसायला सुंदर, पण तिचे पान चावले तर कुत्र्याच्या हृदयावर परिणाम होतो. सायकस कुत्र्याच्या यकृताला घातक, त्याचे बी तर फारच. लिलीच्या फुलाचा परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला पुरेसा आहे. ही झाडे ज्यांच्या घरी जनावर नाही अशा शेजाऱ्यांना भेट द्यावीत.

एक शब्द स्वच्छतेविषयी, कारण दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली आहे किंवा चालू आहे. फिनेलने पुसलेली फरशी आपल्याला स्वच्छ वाटते, पण मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची द्रव्ये पचवण्याची ताकद फार कमी असते. ती ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. मांजराच्या घरी साबणाचे पाणी बरे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही कुत्र्या-मांजरांना विषारी. सोफ्यावर काही सांडलेच तर घासू नये. जुन्या धोतराच्या फडक्याने टिपून घ्यावे, पाण्याने पुन्हा टिपावे, आणि वास राहिला तर एन्झाइमचे द्रावण वापरावे. अमोनियाची द्रव्ये नकोत. त्या वासाने जनावराला वाटते, ही आपलीच जागा, आणि ते तिथेच पुन्हा बसते.

तेव्हा ठाण्याच्या यजमानांना माझी विनंती अशी. सागाचा किंवा चांगल्या प्लायवुडचा उघडा सांगाडा, सुट्या गाद्या, चेनच्या खोळी, मोहरी रंगाचे घट्ट कापड, खोळींचा एक जादा जोड आणि वर सोलापुरी चादर, असा सोफा सुताराकडून करून घ्यावा. पाच वर्षांनी कापड जुने झाले तर फक्त खोळी बदलायच्या. नक्षीदार तयार सोफ्याला तशी सोय नसते. तो फाटला की नवा घ्यावा लागतो. हिशेब मांडून पाहा. मोतीला ठेवून घेतलेला सोफा मोतीला घालवून घेतलेल्या सोफ्यापेक्षा महाग पडत नाही. आणि लग्नानंतर येणारी सून हेही पाहीलच की या घरात आठ वर्षे राहिलेल्याला वस्तूपायी निरोप देत नाहीत. तिच्या मनात त्या एका गोष्टीने जे घर बांधले जाईल, ते कुठल्याही सोफ्याने बांधता येणार नाही.

राहिला पलंग. नवा घ्यायचा असेल तर एक विचार करावा. हल्ली खाली पेटी असलेले पलंग घेतात. गाद्या-रजया ठेवायला सोय, हे खरे. पण पलंगाखालची जागा त्यामुळे नाहीशी होते, आणि घाबरलेल्या जनावराला घरात तेवढी एकच जागा आपली वाटते. माणसाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्या पुढचा आणि मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. आपल्याला जो फटाका नुसता मोठा वाटतो, तो त्यांना काय वाटत असेल याचा विचार करावा. घरातला निदान एक पलंग पायांवर उभा असावा. पेटीचाच असेल तर टेबलावरून जाड चादर खालपर्यंत सोडावी आणि आत त्याचे जुने अंथरूण घालावे. न धुतलेलेच घालावे, त्याला स्वतःचा आणि घरच्यांचा वास येऊ द्यावा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवेलागणीपूर्वीच त्याला फिरवून आणावे, खिडक्या लावाव्यात, आणि तो आत जाऊन बसला तर ओढून बाहेर काढू नये. जवळ कुणीतरी नुसते बसावे. आजीइतके योग्य माणूस दुसरे कोण?

फराळाचे ताट मात्र टेबलाच्या काठाशी ठेवू नका. चकलीवर सगळ्यांचाच डोळा असतो!

सर्व वाचक भगिनींना, त्यांच्या घरच्या मंडळींना आणि त्यांच्या चतुष्पाद कुटुंबीयांना ही दिवाळी सुखाची जावो.